मधेच ड्रायव्हर बदलला तर शर्यत कोणाची? आणि निवृत्त माणसाला परत का बोलावतात?

प्रश्न दोन आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं आहे. पहिला असा: ऑगस्ट २०२५ मध्ये डेटोनाच्या एक्सफिनिटी शर्यतीत (नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची संघटना, तिची ही दुय्यम मालिका) शेवटची रेषा पार केली पार्कर क्लिगरमनने, मग विजय कॉनर झिलिशच्या नावावर कसा लागला? दुसरा: विशीतली पोरं संधीसाठी रांगेत उभी असताना जखमी ड्रायव्हरच्या जागी चाळिशी-पन्नाशीतला माणूस का बसवतात? मी शार्लटच्या आसपासच्या स्टॉक कार टीम्समध्ये रेस इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. या कामाचा बराचसा भाग टीव्हीवर दिसतच नाही, म्हणून जरा लांबणच लावतो.

नियम एका ओळीचा आहे. हिरवा बावटा फडकतो तेव्हा स्टिअरिंगमागे जो बसलेला असेल, निकाल त्याचा. नंतर कोणीही बसो. क्रिकेटमधला रनर आठवा: धावायचा तो, धावा मात्र जखमी फलंदाजाच्या खात्यात. आयसीसीने २०११ मध्ये रनर बंद केला, नॅस्कारने आपला अजून ठेवला आहे.

झिलिश त्या वेळी १९ वर्षांचा. वॉटकिन्स ग्लेनला शर्यत जिंकला आणि जल्लोष करायला गाडीवर चढताना घसरून पडला, कॉलरबोन मोडलं. दोन आठवड्यांनी डेटोना. सुरुवातीचे थोडे लॅप त्याने चालवले, पिवळ्या बावट्यात (अपघात वगैरे झाला की गाड्या हळू चालवायला लावतात तेव्हा) तो उतरला आणि क्लिगरमन बसला. क्लिगरमनने २०२४ च्या अखेरीला पूर्णवेळ ड्रायव्हिंग सोडलं होतं, टीव्हीवर काम करत होता, आणि या मालिकेत त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. त्या रात्री गाडी पहिली आणूनही नोंदीत त्याचं नाव लागलं नाही. ऐकायला अन्याय वाटतो, पण तो गाडीत बसला तेच हे ठाऊक असताना.

हे नवीनही नाही. १९७७ मध्ये तालाडेगाला डॉनी अ‍ॅलिसनची गाडी शेवटच्या टप्प्यात डॅरेल वॉल्ट्रिपने चालवली आणि जिंकून आणली, विजय अ‍ॅलिसनचा. २००७ चं मिलवॉकीचं प्रकरण मात्र कडवट होतं. तेव्हाच्या दुय्यम मालिकेची शर्यत. डेनी हॅमलिन कॅलिफोर्नियात मुख्य मालिकेच्या सरावात अडकला होता, म्हणून तरुण एरिक अल्मिरोलाने गाडी पात्रता फेरीत पहिली आणली, शर्यत सुरू केली, आघाडीवरही राहिला. मधेच हॅमलिन हेलिकॉप्टरने पोचला आणि टीमने चांगल्या चाललेल्या पोराला उतरवून त्याला बसवलं. प्रायोजक कंपनी मिलवॉकीचीच होती, घरच्या मैदानावर तिला मोठं नाव हवं होतं. हॅमलिन जिंकला, पुस्तकात विजय अल्मिरोलाचा. तो आनंदी नव्हता, आणि त्याच वर्षी त्याने टीम सोडली. मला विचाराल तर त्या दिवशी टीमने शर्यत कमावली आणि माणूस गमावला.

आता हे सगळं कशासाठी? कारण नॅस्कारमध्ये दोन वेगळी खाती चालतात. एक ड्रायव्हरच्या गुणांचं, दुसरं मालकाच्या. मालकाचे गुण गाडीच्या क्रमांकाला मिळतात, आत कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मे २०२५ मध्ये याच झिलिशला पाठीच्या दुखापतीमुळे टेक्सासला बसता आलं नाही, तिथे त्याच्या ८८ क्रमांकाच्या गाडीत काइल लार्सन बसला आणि जिंकला. मालकाच्या खात्यात पूर्ण जमा, झिलिशच्या खात्यात शून्य, कारण त्याने शर्यत सुरूच केली नव्हती. डेटोनाला त्याने मोडलेलं हाड घेऊन ते थोडे लॅप का मारले, हे यावरून कळेल. दोन्ही खाती भरायची असतील तर मूळ ड्रायव्हरला निदान हिरव्या बावट्याखालून जावंच लागतं.

पण मधेच माणूस बदलणं या गाड्यांत सोपं नाही. ल मां किंवा डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत दोन-तीन ड्रायव्हर ठरलेलेच असतात, त्यांची सीट, बेल्ट, उतरण्याचा क्रम सगळं त्या हिशेबाने बांधलेलं. स्टॉक कार एका माणसासाठी बांधतात. सीट त्याच्या अंगाच्या मापाने साच्यातून काढलेली. पेडलचं अंतर त्याच्या पायाचं, आरसा त्याच्या नजरेचा. शिवाय दार नाही. खिडकीची जाळी खाली घ्यायची, स्टिअरिंग काढून बाजूला ठेवायचं, रेडिओची वायर, हेल्मेटमध्ये गार हवा आणणारा पाइप, मान धरून ठेवणाऱ्या हॅन्सचे पट्टे, मग खांदे, कंबर आणि मांड्यांमधले बेल्ट सोडायचे, आणि खिडकीतून बाहेर. नव्या माणसाने हेच उलट्या क्रमाने. घाईत खांद्याचा एक बेल्ट ढिला राहिला तर पुढच्या धडकेत त्याची किंमत बरगड्या मोजतात. म्हणून आमच्याकडे ठरलेली बदली असेल तर आदल्या दिवशी गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तालीम होते, घड्याळ लावून, पुन्हापुन्हा.

सीटचा एक साधा हिशेब आहे. आडव्या बांध्याच्या माणसाच्या सीटमध्ये फोमचा साचा घालून बारीक माणूस बसू शकतो. उलटं होत नाही. त्यामुळे टोनी स्टुअर्टच्या गाडीत मार्क मार्टिनसारख्या छोट्या चणीच्या माणसाला बसवणं कारागिरीच्या दृष्टीने सोपं असतं. टीव्हीवर मात्र चर्चा फक्त कोणाचा वेग किती याचीच.

दुसरा हिशेब ट्रॅकचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. तालाडेगाचा एक लॅप २.६६ मैलांचा, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. पिवळ्या बावट्यात गाड्या पेस कारमागे (पुढे राहून वेग ठरवणाऱ्या गाडीमागे) ताशी साधारण ७० मैलांनी चालतात, म्हणजे एका लॅपला सव्वादोन मिनिटं मिळतात. सराव असलेली टीम तेवढ्या वेळात माणूस बदलू शकते, फार तर एक लॅप जातो. तो परतही मिळतो, कारण पिवळा बावटा आला की एका लॅपने मागे असलेल्यांतल्या पहिल्या गाडीला तिचा लॅप परत देतात. शिवाय तिथे गाड्या एकमेकींच्या हवेत झुंडीने धावतात, शेवटून सुरुवात करूनही पुढे यायला वाव असतो. आता ब्रिस्टल घ्या. अर्ध्या मैलाच्या जरा वरचा ट्रॅक, पिवळ्यातसुद्धा लॅप मिनिटाच्या आत संपतो. तेवढ्याच वेळात दोन-तीन लॅप गेले, आणि ते सहसा परत येत नाहीत. हिरव्या बावट्यात तर विचारूच नका, लॅप पंधरा-सोळा सेकंदांचा.

म्हणून ठरवून केलेल्या बदल्या तुम्हाला बहुतेक तालाडेगा-डेटोनालाच दिसतील. मार्च २०१३ मध्ये फोंटानाला शेवटच्या लॅपमध्ये जोई लोगानोशी भिडून हॅमलिनच्या कमरेचा मणका दबला. चार शर्यती बुडाल्या, परतला तो तालाडेगाला, तोही फक्त सुरुवातीपुरता. गाडीला छतात झाकण बसवलेलं होतं. पाठ न वाकवता त्याला वरून बाहेर काढलं आणि ब्रायन विकर्स आत गेला. निकाल हाती लागला नाही, गाडी पुढे एका मोठ्या अपघातात सापडली. २०१६ मध्ये टोनी स्टुअर्ट पाठीच्या दुखापतीतून नुकताच उठला होता. तालाडेगाला त्यानेही सुरुवात करून गाडी टाय डिलनच्या हाती दिली. गाडी सहावी आली, सहावा क्रमांक स्टुअर्टचा. जूनमध्ये त्याच स्टुअर्टने सोनोमाला शेवटच्या लॅपमध्ये हॅमलिनला मागे टाकून शर्यत जिंकली, कारकिर्दीतली ४९ वी आणि शेवटची. तालाडेगाची ती तडजोड नसती तर पाठ तोवर टिकली असती का, हे डॉक्टरच सांगतील, मी फक्त क्रम सांगतोय.

ब्रिस्टलची गोष्ट वेगळी. एप्रिल २०१५, पावसाने शर्यत थांबली, तेवढ्यात हॅमलिनच्या मानेत चमक भरली. टीमने हाताशी असलेल्या १८ वर्षांच्या एरिक जोन्सला बसवलं. मुख्य मालिकेत त्याने त्याआधी एक लॅपही मारलेला नव्हता. यात अनुभवी की तरुण असा विचार कोणी केला नाही, हेल्मेटसकट जो सापडला तो बसला. अनेक बदल्यांमागचं खरं कारण एवढंच असतं. एप्रिल २००७ मध्ये टेक्सासला तर काइल बुश गाडी संपली असं समजून ट्रॅकवरून निघून गेला, क्रूने गाडी दुरुस्त केली, आणि चालवायला कोणीच नाही म्हणून दुसऱ्या टीमचा डेल अर्नहार्ट ज्युनिअर बसला. पुढल्या वर्षी ज्युनिअर त्याच हेंड्रिक टीममध्ये आला आणि काइल बाहेर पडला. मेकॅनिक लोक हा किस्सा अजून रंगवून सांगतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यासाठी २०१६ चं हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स बघा, याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मोसमाच्या मध्यावर ज्युनिअरला मेंदूच्या आघाताची लक्षणं दिसू लागली आणि उरलेल्या १८ शर्यती त्याला बसता आलं नाही. ८८ क्रमांकाच्या गाडीत टीमने दोघांना आलटून पालटून बसवलं: आठ वेळा जेफ गॉर्डन, दहा वेळा अ‍ॅलेक्स बोमन. गॉर्डन चार मोसमांचा विजेता, ९३ शर्यती जिंकलेला, आदल्या वर्षी निवृत्त होऊन टीव्हीवर समालोचन करणारा. बोमन २३ वर्षांचा, चांगली गाडी कधी न मिळालेला. गॉर्डनचा सर्वोत्तम निकाल मार्टिन्सव्हिलचा सहावा. बोमनने फिनिक्सला पहिल्या जागेवरून सुरुवात केली, १९४ लॅप आघाडीवर राहिला, शेवटी सहावाच आला.

नुसत्या वेगाने मोजलं तर बोमन सरस ठरतो. मग गॉर्डन कशाला? कारण टीमला त्या काळात दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. ज्युनिअर पुढे किती वर्षं चालवेल याची खात्री नव्हती, म्हणून बोमन कितपत आहे ते तपासायचं होतं. आणि गाडीत काय बिघडलंय ते शांतपणे सांगणारा कोणीतरी हवा होता. त्या मोसमात ८८ च्या गाडीत वेग कमी पडतोय ही तक्रार होतीच. अशा वेळी क्रू चीफला (गाडीची सगळी तांत्रिक जबाबदारी ज्याची, त्याला) एकच शंका खात असते: दोष गाडीत आहे की चालवणाऱ्यात? तिचं उत्तर देऊ शकेल असा माणूस म्हणजे ज्याने त्याच कारखान्याच्या गाड्या दोन दशकं चालवल्या आहेत.

हे नीट समजण्यासाठी रेडिओवर काय बोललं जातं ते सांगतो. तरुण ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी खूप लूज आहे.’ म्हणजे मागची बाजू सुटतेय. ठीक. पण कुठे? वळणात शिरताना, मधे, की बाहेर पडताना गॅस दिल्यावर? नव्या टायरवर की वीस लॅपनंतर? एकटा असताना की पुढच्या गाडीच्या हवेत? चांगला जुना माणूस हे सगळं न विचारता एका वाक्यात सांगतो, आणि वर म्हणतो, ‘आत्ता हात लावू नका, टायर गरम होऊ देत.’ हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं. बदलीवर आलेल्या पोराला स्वतःला सिद्ध करायचं असतं, गाडी पहिल्या दहा लॅपमध्येच आपल्या मनासारखी व्हावी असं त्याला वाटतं. म्हाताऱ्याला गाडी दुसऱ्याची आहे हे मान्य असतं. ती आहे तशी चालवून, शाबूत परत आणून, किल्ली मालकाच्या हातात द्यायची एवढंच त्याच्या डोक्यात. (या गाड्यांना किल्ली नसते, पण कळलं असेल.)

मार्क मार्टिन या कामातला उस्ताद. २०१३ मध्ये तो ५४ वर्षांचा होता. हॅमलिन जखमी झाल्यावर मार्टिन्सव्हिलला त्याच्या गाडीत बसला आणि दहावा आला. ऑगस्टमध्ये टोनी स्टुअर्टचा पाय आयोवातल्या एका स्प्रिंट कार शर्यतीत मोडला, मग उरलेल्या मोसमात १४ क्रमांकाची गाडी बहुतांश त्यानेच चालवली. त्यासाठी त्याच्या मूळ टीमने त्याला मोकळं केलं आणि तिथे विकर्स बसला. ऑक्टोबरमध्ये विकर्सच्या रक्तात गुठळ्या सापडल्या, मग त्याच्याही जागी तिसरा. एका मोडलेल्या पायामुळे किती सीट हलतात बघा.

तरी अनुभव म्हणजे वय नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये डेटोनाला शनिवारच्या शर्यतीत काइल बुशची गाडी आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. तिथे धक्का शोषणारा अडथळा नव्हता, ही लाजिरवाणी गोष्ट. उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं. दुसऱ्या दिवशी डेटोना ५००. एका रात्रीत टीमने मॅट क्राफ्टनला बोलावलं, लागोपाठ दोन वर्षं ट्रक मालिकेचा विजेता, पण मुख्य मालिकेची ही त्याची पहिलीच शर्यत. १८ वा आला, गाडी शाबूत. पुढे नऊ शर्यती डेव्हिड रेगनने चालवल्या, मार्टिन्सव्हिलला पाचवा. एरिक जोन्सला कॅन्ससला एक संधी मिळाली: वेग डोळ्यांत भरणारा, गाडी भिंतीत. ११ शर्यती चुकवून परतलेला काइल बुश त्याच वर्षी विजेतेपद जिंकला.

किंवा जॉश बेरी घ्या. २०२३ मध्ये चेस एलियटचा पाय स्नोबोर्डिंग करताना मोडला, त्याच्या जागी आलेला बेरी रिचमंडला थेट दुसरा. बेरी तेव्हा तिशी ओलांडलेला, मुख्य मालिकेत नवखा, पण गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर वर्षानुवर्षं घासलेला. टायर जपायचं शिक्षण त्याला तिथेच मिळालं होतं, आणि रिचमंडला टायर जपणं हेच सगळं. मी बदली निवडणाऱ्यांच्या खोलीत असतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो: पुढचे चार ट्रॅक कोणते? नाव नंतर.

जुन्या नावाचा मोह महागातही पडतो. २०२० मध्ये लार्सनला निलंबित केल्यावर त्याच्या गाडीत ४८ वर्षांच्या मॅट केन्सेथला आणलं, दीड वर्ष घरी बसलेल्या. महामारीमुळे डार्लिंग्टनला सराव नाही, पात्रता फेरी नाही, थेट शर्यत. तो दहावा आला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इंडियानापोलिसला दुसरा. पण पूर्ण मोसमात पहिल्या दहांत तो एवढ्याच दोन वेळा आला. माझ्या मते कारण वय नव्हतं. बदली माणूस चार-सहा आठवड्यांसाठी असतो तोवर दुसऱ्याच्या गाडीशी जुळवून घेणं हा गुण असतो. पूर्ण मोसम हातात असेल तर गाडी आपल्यासारखी करून घ्यावी लागते, आणि सराव नसताना ते करायला त्याला वेळच मिळाला नाही. आताही शनिवारी सरावाला बहुतेक ठिकाणी अर्धा तास मिळत नाही. म्हणून सिम्युलेटरवर तासन् तास बसणारा तरुण आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त कामाचा आहे. ज्युनिअर निवृत्त झाल्यावर २०१८ मध्ये ८८ ची गाडी बोमनला मिळाली, आणि मधलं एक वर्ष तो मुख्यतः सिम्युलेटरच चालवत होता.

जाता जाता जखम लपवण्याबद्दलही सांगतो. पूर्वी तीच रीत होती. १९८४ मध्ये रिकी रडच्या डोळ्यांवर एवढी सूज होती की पापण्या टेपने चिकटवून त्याने डेटोना ५०० चालवली, सातवा आला, आणि पुढच्या शर्यतीत रिचमंडला जिंकला. १९९६ मध्ये डेल अर्नहार्टने तालाडेगाला कॉलरबोन आणि छातीचं हाड मोडून घेतलं, पुढे इंडियानापोलिसला मोजके लॅप चालवून माइक स्किनरच्या हाती गाडी दिली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यानंतरच्या वॉटकिन्स ग्लेनला पात्रता फेरीत पहिला आला. त्याचाच मुलगा ज्युनिअर मात्र २०१२ मध्ये स्वतःहून डॉक्टरांकडे गेला आणि दोन शर्यती बाहेर बसला. २०१४ पासून प्रत्येक ड्रायव्हरची मेंदूची मूळ चाचणी आधीच करून ठेवतात, त्यामुळे लपवायला फारशी जागा उरली नाही.

शर्यत चुकली तर विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद होऊ नये म्हणून सूट मागावी लागायची. २०२४ मध्ये लार्सन एकाच दिवशी दोन शर्यती धावणार होता. पहिली, इंडियानापोलिस ५००, पावसाने लांबली, म्हणून शार्लटला त्याची गाडी जस्टिन ऑलगायरने सुरू केली, लार्सन धावतपळत पोचला तेव्हा इथे पाऊस, आणि शर्यत पुन्हा सुरूच झाली नाही. एकही लॅप न मारता तो नुसता उभा. सूट मिळाली, पण पुढच्या वर्षी नियम कडक झाला: आजारपण, बाळंतपण, घरची आणीबाणी असली कारणं सोडून कोणी शर्यत चुकवली तर त्याने कमावलेले प्लेऑफ गुण (विजेतेपदाच्या शेवटच्या टप्प्यासाठी साठवलेले) २०२५ मध्ये जायचे. जून २०२५ मध्ये हॅमलिनच्या घरी बाळ येणार होतं. मिशिगनला रायन ट्रुएक्स राखीव म्हणून तयार होता, हॅमलिन उतरला आणि जिंकला. पुढच्या शर्यतीला, मेक्सिको सिटीला, ट्रुएक्सला खरोखर बसावं लागलं. राखीव माणसाला त्याच दिवसाची तयारी प्रत्येक शर्यतीत ठेवावी लागते, आणि बहुतेक वेळा तो हेल्मेटची पिशवी तशीच घेऊन संध्याकाळच्या विमानाने घरी जातो.